मोबाइलमधला अखंड दिवा

माझ्या मावशीचा उजवा डोळा गेला, त्यात माझा हात आहे. घरात हे कुणालाच माहीत नाही, एक मावशी सोडली तर. तिने ते कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी तर नाहीच नाही.

मी कारंज्याला राहते. मराठीत एम.ए. केलं आणि चार वर्षं एका कॉलेजात तासिकेवर शिकवलं. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, तेही कधी येईल ते विचारायचं नाही. मग पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या करायचं काम मिळालं. कंपनीचं एक भक्तीचं ॲप आहे. त्यात आरत्या, पंचांग, उपासाच्या दिवसांची आठवण, सकाळी उठल्याबरोबर देवाचा फोटो, असं सगळं. त्या ॲपमध्ये जे जे मराठी दिसतं ते लिहिणं माझ्याकडे. बटणावर कोणते शब्द हवेत, मोबाइल टुणकन वाजल्यावर त्यावर काय उमटावं, कुणी ॲप काढून टाकायला निघालं तर त्याला कोणत्या वाक्याने थांबवावं. शेवटचं काम मला फार छान जमायचं. आजही मी तेच करते. सोडावं असं रोज वाटतं आणि रोज सकाळी दहाला लॉगिन करून बसते.

दिव्याची कल्पना माझी. ती कुणा दुसऱ्याच्या डोक्यातून निघाली असती तर मी आज मोठ्या तोंडाने त्याला नावं ठेवली असती. झालं असं की, एका मीटिंगमध्ये आमचे साहेब वैतागले होते. साहेब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलणं अर्धं हिंदी. लोक ॲप घेतात, चार दिवस येतात आणि विसरून जातात, ही त्यांची तक्रार. दुसऱ्या ॲपांमध्ये सलग किती दिवस आलात ते मोजतात, एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर येते, आणि त्या शून्याच्या धाकाने माणूस रोज येतो. आपल्याकडे असं काय करता येईल, म्हणून ते विचारत होते. मी माइक चालू केला आणि म्हटलं, ‘अखंड दिवा.’

मग मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्या घरी नवरात्रात नऊ दिवस दिवा तेवत असतो. त्या दिवसांत घर कधी रिकामं ठेवत नाहीत, एक माणूस दिव्यापाशी राहतंच. दिवा ‘विझला’ असं तोंडातून काढायचं नाही, ‘शांत झाला’ म्हणायचं. दहावीत असताना एकदा आईने मला दिव्यापाशी बसवलं आणि ती शेजारी ओटी भरायला गेली. मला भरदुपारी डुलकी लागली. जागी झाले तर वातीतून धूर निघत होता. आई रागावली नाही. तिने हात जोडले, पुन्हा वात लावली आणि रडत बसली. पुढे वर्षभर घरात कुणाला ताप आला, गाय आटली, बाबांची बदली अडली, की ती एक क्षण माझ्याकडे बघायची. ही भीती मला चांगली ओळखीची होती. ती बाहेरच्या माणसाला कळली नसती. मी घरचीच, म्हणून मला ती बरोबर कुठे ठेवायची ते कळलं.

पडद्यावर एक समई आली. दिवसभरात तिचं तेल उतरत जायचं, ज्योत बारीक व्हायची. दिवसातून एकदा बोट टेकवलं की पुन्हा भरभरून पेटायची. मोबाइलवर उमटणाऱ्या निरोपासाठी मी दोन वाक्यं लिहिली. पहिलं होतं, ‘आज दिव्यात तेल घालायची वेळ झाली.’ दुसरं, ‘तुमचा अखंड दिवा विझणार आहे!’ निम्म्या लोकांना पहिलं पाठवलं, निम्म्यांना दुसरं. दुसरं वाक्य कुठल्या कुठे पुढे गेलं, ते वाचून कितीतरी जास्त लोक परत आले. साहेबांना जरा धाकधूक वाटली, जास्त तर होत नाही ना, म्हणाले. मी म्हटलं, ‘सर, आमच्याकडे हा शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणून तर तो चालतोय.’ किती मिजाशीत बोलले होते मी! स्वतःचा आवाज आठवला की अजून कानशिलं तापतात.

आणखी एक ओळ लिहिली. आपल्याकडे एका घरात एकच मोबाइल फिरतो, सून लावते, सासूही लावते. कंपनीला प्रत्येकाचं वेगळं खातं हवं होतं. म्हणून समईखाली मी लिहिलं, ‘आपला दिवा आपल्याच हाताने. दुसऱ्याने लावलेला दिवा आपला होत नाही.’ याला शास्त्रात कुठे आधार नाही. मला ते बसल्या जागी दोन मिनिटांत सुचलं, आणि चहा पिता पिता मी ते पाठवून दिलं.

आईने नातेवाइकांत सांगून टाकलं होतं, ‘माही लेक देवाचं ॲप बनवते.’ एका बारशात सगळ्या बायका मोबाइल घेऊन माझ्याभोवती जमल्या. त्यात मावशीही होती, आईची धाकटी बहीण. ती कामरगावला राहते. तिच्या नवऱ्याची, म्हणजे मौसांची, शेती आहे आणि ती ब्लाऊज शिवते. तिचा एकुलता मुलगा ट्रेलरवर ड्रायव्हर आहे, गुजरातेतून माल भरतो तो थेट तमिळनाडूत उतरवतो. मावशीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि विचारलं, ‘याच्यात खराच दिवा लागते का व?’

‘लागते ना मावशी. पोराच्या गाडीसाठी लाव.’

ॲप मी माझ्या हाताने तिच्या मोबाइलमध्ये घालून दिलं आणि तिचं बोट धरून पहिल्यांदा दिवा लावून दाखवला. ती पडद्याला हात जोडून उभी राहिली. मला गंमत वाटली, बरंही वाटलं. तिचा फोटो काढून मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, त्याला पुष्कळ बदाम आले.

वर्षभराने मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत होता, पण उजव्यातला पिकत आला होता. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, लांबवू नका, आणि तारीख दिली. मावशी गेली नाही. सोयाबीन काढायचं आहे म्हणाली. दुसरी तारीख मिळाली तर म्हणे दिवाळीच्या शिलाया अंगावर आहेत. तिसऱ्या वेळी तिला थंडी आडवी आली. आई वैतागली. मावशीचं आणि माझं लहानपणापासून गूळपीठ, म्हणून आईने मलाच पाठवलं, तूच तिला ताळ्यावर आण म्हणून.

कामरगावला एसटीतून उतरले तेव्हा अकरा वाजले होते. मावशी पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. शिवताना ती कापडाकडे बघतच नव्हती, बोटांनी काठ चाचपत चालवत होती. सुईत दोरा ओवायला रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला हाक मारायची. खुंटीवर एक ब्लाऊज लटकत होता, त्याची एक बाही उलटी जोडलेली. ज्या बाईचा होता ती काही बोलली नाही, फक्त पुढचं कापड तिने दुसऱ्या शिवणारीकडे टाकलं, असं मौसांनी मला हळूच सांगितलं आणि ते शेतात गेले.

मी समजावायला लागले. मावशी हो हो करत राहिली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तो मशीनजवळ एका पाटावर, धुतलेल्या रुमालावर ठेवलेला होता. तिने तो डोळ्याशी नेला, जवळजवळ नाकाला लावला, आणि तिचा चेहराच उतरला. ‘सकाऊन रेंज नव्हती माय,’ म्हणत ती उठली. मोरीत जाऊन हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेरच्या जिन्याने गच्चीवर निघाली. त्या जिन्याला कठडा नाही. ती भिंत चाचपत, पायाने पायरी शोधत चढत होती. मी मागे धावले. गच्चीच्या कोपऱ्यात, जिथे रेंज टिकते तिथे, तिने मोबाइल वर धरला, बोट टेकवलं, ज्योत भरली. तिने मोबाइल कपाळाला लावला.

पडद्यावर माझंच वाक्य होतं, उद्गारचिन्हासकट.

खाली येऊन ती पायरीवर बसली आणि स्वतःहून बोलली. ‘तुले खरं सांगू का? मले ऑपरेशनचं भेव नाही. डॉक्टरनं सांगतलं, आठ दिवस आंघोळ नाही, आंग पुसून घ्या. मंग बिनाआंघोळीचा हात दिव्याले कसा लावू मी? आन् पोरगा तिकडं गाडीवर.’

‘मौसा लावतील ना आठ दिवस.’

‘चालत नाही.’

‘चालते मावशी. कोणी लावला तरी चालते.’

‘असं कुठी लिवलं हाये? त्याच्यात तं सोच्छ लिवलं हाये, आपल्याच हातानं म्हनून. एखाद्या मोठ्या शास्त्र्यानं लिवलं असन ते. तू तिथी काम करतं, तुले माहीत नाही?’

आता इथे मला एवढंच म्हणायचं होतं की, मावशी, तो शास्त्री मीच. तिच्यासमोर मी देवाचं काम करणारी भाची होते, आणि हे सांगितलं की ती भाची तिथल्या तिथे संपणार होती. मला तिच्या डोळ्याची काळजी वाटत होती, अगदी खरी वाटत होती, पण माझी लाज जास्त मोठी निघाली. मी म्हटलं, ‘मी कंपनीत विचारते. आजारी माणसासाठी काहीतरी सोय करायला लावते.’

तिचा चेहरा फुलला. ‘करतं का बाप्पा? तशी सोय झाली की मी लगेच जातो दवाखान्यात.’

परतीच्या एसटीत मी स्वतःला पटवलं की, मी योग्य तेच केलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांना सगळं सांगितलं, मावशीचं नाव न घेता. म्हटलं, एक युजर आहे, दिव्यासाठी ऑपरेशन थांबवून बसली आहे, ती ओळ तेवढी काढून टाकू या. साहेब खुर्चीत पुढे सरकले. वाईट वाटलं असेल त्यांना, नाही असं मी म्हणत नाही. पण पुढच्या मिनिटाला ते म्हणाले, ओळ कशाला काढायची? तिला दिवा सांभाळणारं माणूस देऊ. ती आपल्या नातेवाइकाला बोलावेल, तो नातेवाईक ॲप घेईल, म्हणजे एका दिव्यामागे दोन माणसं. सगळ्यांनी वा वा केलं. आणि मला विचारलं की, याला मराठीत काय म्हणायचं?

मी तिथेच उठायला हवं होतं. मी नाव सुचवलं, ‘दिव्याची सोबतीण.’ त्याखालचं वाक्यही दिलं, ‘तुम्ही नसताना तुमच्या दिव्यापाशी कोण बसेल?’ हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मावशीची गच्चीवरची पाठ होती, आणि वाक्य चांगलं उतरल्याचा आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी झालं, हे मला लपवायचं नाही.

सोय पंधरा दिवसांत होईल म्हणाले होते. मग आधी दिवाळीनंतरच्या दुरुस्त्या आल्या, मग कुणी सुट्टीवर गेलं, मग निम्म्या लोकांना दाखवून बघायचं ठरलं. मी दर आठवड्याला मावशीला फोन करायची. ‘होऊन राह्यलं मावशी, थोडं थांब.’ थांब, हा शब्द माझा. डॉक्टर लांबवू नका म्हणत होते, आई लवकर जा म्हणत होती, आणि तिला थांब म्हणणारी मी एकटी होते. ती उलट मलाच धीर द्यायची, ‘घाई नको करू बाई, देवाचं काम हाये.’ त्या दोन महिन्यांत कधीही, कोणत्याही फोनवर, मला खरं सांगता आलं असतं. फार तर दोन वाक्यं लागली असती.

संक्रांत होऊन आठवडा झाला आणि एका सकाळी मावशीचा उजवा डोळा लाल झाला. डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. मौसांनी शेजाऱ्याची जीप करून तिला वाशीमला नेलं. मी कारंज्याहून मिळेल त्या गाडीने पोचले. डॉक्टर म्हणाले की, मोतीबिंदू फार पिकून फुगला, डोळ्यातलं प्रेशर चढलं आणि आतली नस गेली. ऑपरेशन करून दुखणं थांबवता येईल, नजर परत येणार नाही. या डोळ्याला यापुढे उजेड आहे की अंधार, तेवढंच कळेल. डावा डोळा वाचेल, तो नंतर करू. मौसा ऐकून नुसते ‘बरं, बरं’ म्हणत राहिले.

त्या गडबडीत दोन दिवस मोबाइल कुणी बघितलाच नव्हता. दिवा गेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मौसा डबा आणायला गेले आणि मी मावशीपाशी एकटी बसले. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मुलाचा फोन नुकताच येऊन गेला होता, तो सुरतेजवळ गाडी लावून निवांत जेवत होता, रजा टाकून येतो म्हणाला. मावशी म्हणाली, ‘दिवा शांत झाला, तरी पोरगं बरं हाये. देवानं समजून घेतलं पाह्य.’

तेव्हा माझा बांध फुटला. मी तिला सगळं सांगितलं. तो दिवा देवाचा नाही, रोज लोकांनी यावं म्हणून केलेला आहे. ‘आपल्याच हाताने’ ही ओळ कुठल्या शास्त्र्याची नाही, माझी आहे. विझणार आहे, हेही मीच लिहिलं. मला त्या दिवशी पायरीवरच सांगायचं होतं आणि मला लाज वाटली. मी रडत होते. ती रडली नाही. छताकडे बघत होती, एका डोळ्याने. मग तिने विचारलं, ‘मंग त्याच्यात माह्या पोराचं नाव कायले मांगतलं?’

दिवा पहिल्यांदा लावताना ॲप विचारतं, हा दिवा कोणाच्या नावाने? तिने ते नाव बोटाने एकेक अक्षर शोधून भरलं होतं. ते नाव कुठेही जात नाही, कुणी वाचत नाही. एवढंच की, ज्यांनी घरच्या माणसाचं नाव भरलं, त्या बायका ॲप सोडून गेल्या नाहीत. खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती, म्हणून मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, ‘अस्सं.’ आणि मग, ‘जाय, त्वांड धुऊन ये. मानसं येऊन राह्यले असतीन.’

तोंड धुऊन आले तर खोलीत खरंच माणसं जमली होती. मौसा डबा घेऊन आले होते, आई आली होती, मावशीची जाऊ आणि तिचा नवरा आले होते. मौसांचा तीन दिवसांचा दाबलेला राग तेव्हा बाहेर पडला. सगळ्यांदेखत ते मावशीवर ओरडले, ‘तीन तारखा दिल्या डॉक्टरनं, तीन! कायच्यासाठी घरी बसली होती तू? सांग ना आता!’

मावशीने मान माझ्याकडे वळवली. डावा डोळा माझ्यावर थांबला. मला वाटलं, आता सांगेल, आणि सांगावंच, असंही वाटलं.

‘माहीच अक्कल गेली होती,’ ती म्हणाली. ‘भेव वाटे मले ऑपरेशनचं.’

‘येवढी मोठी बाई अन् लहान लेकरासारखं!’ आई म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘या पोरीनं किती समजावलं तुले. कामरगावले आली, दर आठोड्याले फोन केले. हिचं तरी आयकाचं होतं.’

‘हो ना,’ मावशी म्हणाली. ‘पोरीनं लय केलं माह्यासाठी.’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान हलवली, हो म्हणून.